गोळी रक्तात पोचली, मग मेंदूत का नाही?

प्रश्न सोलापूरच्या एका ताईंचा आहे. त्यांचे सासरे, ज्यांना त्या मामा म्हणतात, ७२ वर्षांचे. सगळी हयात यंत्रमागावर गेली. काही वर्षांपासून पार्किन्सन आहे आणि लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी चालू आहे. सकाळची गोळी छान लागू पडते, हात सैल होतो, चालता येतं. दुपारी जेवणावर घेतलेली गोळी मात्र घेतली न घेतली सारखीच. मध्यंतरी उलट्या झाल्या म्हणून एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं, तर पुढचे दोन दिवस अंग ताठ आणि पाऊल उचलेना. शेजारच्यांनी आता खाजकुहिलीचं चूर्ण सुचवलंय. आणि शेवटी ताई विचारतात: "गोळी रक्तात जाते, मेंदूलाही रक्तच जातं, मग औषध मेंदूत पोचणारच ना?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. रक्तात पोचलेलं औषध मेंदूत जाईलच असं नाही. बहुतेक औषधं जात नाहीत, किंवा अगदी थोडी जातात.

शरीरात इतरत्र बारीक केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात, त्यांतून औषध पाझरून मांसपेशींत, सांध्यांत पोचतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांत या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की फट उरतच नाही. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र जवळपास कोराच राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला हा रंग धरताच येत नसेल. पुढे १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य गोल्डमान यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, आणि मेंदू रंगला. म्हणजे रंग धरण्याची अडचण नव्हती, रंग पोचतच नव्हता. ही अडवणूक नेमकी केशवाहिनीच्या पेशींपाशी होते हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसायला १९६७ साल उजाडलं. यालाच आम्ही ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतो.

फटी नाहीत म्हटल्यावर औषधाला पेशीच्या आरपार जावं लागतं. पेशीचं आवरण चरबीचं असतं, त्यामुळे लहान आणि चरबीत विरघळणारे रेणू त्यातून सहज निघून जातात. दारू, निकोटीन, भुलीचे वायू हे त्यातले. पाण्यात विरघळणाऱ्यांना मात्र कोणीतरी उचलून आत न्यावं लागतं. हे काम पेशीच्या आवरणात बसलेली वाहक प्रथिनं करतात. शिवाय तिथेच दुसऱ्या प्रकारची प्रथिनंही बसलेली असतात. चरबीत विरघळून आत शिरू पाहणाऱ्या रेणूंना पकडून परत रक्तात फेकणं हे त्यांचं काम. औषध मेंदूत किती पोचेल हे या दोघांच्या ओढाताणीवर ठरतं. मामांची दुपारची गोळी पहिल्या प्रकारात अडकते, आणि उलटीचं इंजेक्शन दुसऱ्या प्रकाराशी जोडलेलं आहे.

आत नेणारे वाहक औषधांसाठी घडलेले नाहीत. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. तेवढी साखर आत नेण्यासाठी ग्लुट-१ नावाचा वाहक आहे. काही बाळांत तो जन्मतःच अपुरा असतो. रक्तातली साखर उत्तम, पाठीच्या कण्यातून काढलेल्या मेंदूच्या पाण्यातली कमी, आणि बाळाला झटके. तिथे आम्ही भरपूर स्निग्ध पदार्थांचा किटोजेनिक आहार देतो, कारण चरबीपासून बनणारे कीटोन वेगळ्या वाहकाने आत जातात. अशा बाळाचे झटके आहार बदलून आटोक्यात येताना पाहिले की या प्रथिनांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

आता लेवोडोपा. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, कमी पडतं. मग डोपामिनच का देत नाही? कारण त्याला आत नेणारा वाहकच नाही. लेवोडोपा हा डोपामिनच्या आधीचा टप्पा आहे, आणि रचनेने तो एक अमिनो आम्ल आहे. अमिनो आम्लांसाठी केशवाहिनीच्या पेशीत लॅट-१ हा वाहक असतो. लेवोडोपा त्याच्यावर बसून आत जातो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. सोबतचं कार्बिडोपा मेंदूत जात नाही, आणि तेच आपल्याला हवं असतं: ते बाहेर राहून लेवोडोपाचं वाटेतच डोपामिन होऊ देत नाही.

पण लॅट-१ काही एकट्या लेवोडोपासाठी राखीव नाही. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलानिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही सगळी त्याच वाहकाने जातात, आणि ही सगळी जेवणातल्या प्रथिनांतून येतात. आषाढीच्या आदल्या दिवशी सोलापूरच्या एसटी स्टँडवर पंढरपूरची गाडी लागते तेव्हा जे होतं तेच इथे होतं: तिकीट असलं तरी जागा मिळेलच असं नाही, कारण जागा मोजक्या आणि चढणारे शेकडो. भरपेट जेवणानंतर रक्तात अमिनो आम्लांची गर्दी उसळते आणि गोळीतला लेवोडोपा मागे राहतो.

हे फक्त तर्काने मांडलेलं नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन नट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना लेवोडोपा थेट शिरेतून, एकसारख्या वेगाने दिला. म्हणजे पोट-आतड्याचा प्रश्नच मिटला आणि रक्तातली पातळी स्थिर राहिली. तरीही प्रथिनयुक्त जेवणानंतर रुग्ण पुन्हा ताठ झाले. नुसतं फेनिलॲलानिन किंवा ल्युसिन दिलं तरी तसंच झालं. पण ग्लायसिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं दिली तेव्हा काही बिघडलं नाही, कारण ती या वाहकाने जातच नाहीत. रक्तात औषध पुरेसं होतं, आत जायला जागा नव्हती. माझ्या मते या विषयातला इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना मी तो नेहमी सांगतो.

आता मामांचं ताट बघू. तुम्ही लिहिलंय, दुपारी भाकरी, डाळ किंवा शेंगदाण्याची आमटी, शेंगाची चटणी आणि वर ताक. आपल्याकडे प्रथिन म्हटलं की लोकांना अंडी-मटण आठवतं आणि "आम्ही तर माळकरी, आमच्या जेवणात कुठलं प्रथिन" असं उत्तर येतं. पण शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम प्रथिन असतं, ज्वारीत १० च्या आसपास, आणि मोठा पेला दुधात ६-७ ग्रॅम. शेंगाची चटणी आपण सोलापूरकर बोटभर थोडीच घेतो! त्यात संक्रांतीला शेंगापोळी आणि थंडीत शेतावर हुरडा. म्हणजे शुद्ध शाकाहारी सोलापुरी ताटातही लॅट-१ वर गर्दी करण्याइतकं प्रथिन सहज असतं. सकाळची गोळी मामा उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी घेतात. ती का चालते आणि दुपारची का अडते, हे इथेच उलगडतं.

म्हणून डोस वाढवायच्या आधी वेळ बदलून बघावी असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांची गोळी अर्ध्याची एक, एकाची दीड होत गेलेली असते, आणि जेवणाची वेळ कोणी विचारलेलीच नसते. वाढवलेल्या डोसने मग सकाळी, जेव्हा वाट मोकळी असते, अंग वेडंवाकडं हलायला लागतं. गोळी जेवणाच्या किमान अर्धा तास आधी, किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने द्या. दुधासोबत नको, साध्या पाण्यासोबत. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर अर्धं केळं किंवा मूठभर चुरमुरे चालतील. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. ती लेवोडोपाला पोटातच धरून ठेवते, त्याचा मेंदूच्या भिंतीशी संबंध नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्रथिनं बंद करू नका. ऐकीव माहितीवर डाळ-दूध तोडलेले, हाडांचा सापळा झालेले म्हातारे मी पाहिले आहेत, आणि त्यांची चाल प्रथिनाअभावी आणखी बिघडलेली असते. दिवसभराचं प्रथिन तेवढंच ठेवून त्याचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणाकडे सरकवा, म्हणजे ज्या वेळी मामांना हिंडायचं-फिरायचं नसतं त्या वेळेकडे. हा त्रास सगळ्यांना होत नाही हेही लक्षात घ्या. आजाराच्या सुरुवातीला मेंदूतल्या पेशी डोपामिन साठवून ठेवू शकतात, त्यामुळे आत जाण्यात थोडा उशीर झाला तरी निभावतं. काही वर्षांनी साठा करणाऱ्या पेशीच कमी होतात, मग प्रत्येक गोळी वेळेवर आत पोचावी लागते. ज्यांना चढउतार जाणवत नाहीत त्यांनी घड्याळ लावून जेवायची गरज नाही.

आता बाहेर फेकणारी प्रथिनं. यातलं सगळ्यात अभ्यासलं गेलेलं म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांना ते औषधाला न जुमानणाऱ्या पेशींच्या आवरणात सापडलं, आणि पुढे कर्करोगाच्या पेशी केमोथेरपीला का दाद देत नाहीत या दिशेने त्याचा शोध चालू राहिला. १९८९ च्या सुमारास ते मेंदूच्या निरोगी केशवाहिन्यांतही भरपूर असल्याचं दिसलं. मग एक जुनं कोडं सुटलं. कर्करोगावरच्या व्हिन्क्रिस्टिनसारखी काही औषधं चरबीत चांगली विरघळतात, नियमाने मेंदूत जायला हवीत, पण जात नाहीत. ती शिरत होती, पण हे प्रथिन ऊर्जा खर्चून त्यांना आवरणातूनच उचलून परत रक्तात टाकत होतं.

याचा पुरावा मिळाला तो अनपेक्षितपणे. ॲम्स्टरडॅममध्ये श्चिंकेल आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन बनवणारा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. उंदीर ठणठणीत दिसत होते. मग तिथल्या प्राण्यांवर बारीक गोचिडांसारखे कीटक झाले म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं. साध्या उंदरांना काही झालं नाही, जनुक काढलेले पटापट मेले. त्यांच्या मेंदूत हे औषध साध्या उंदरांच्या जवळपास ९० पट साचलं होतं. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे शेळ्या-मेंढ्यांना, कुत्र्यांना आणि माणसांनाही हेच आयव्हरमेक्टिन दिलं जातं. ते आपल्याला सोसतं याचं मोठं कारण हे एक प्रथिन आहे. २०२० मध्ये फ्रान्समधल्या १३ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली: उवांसाठी आयव्हरमेक्टिनचा नेहमीचा एक डोस घेतला आणि तो बेशुद्ध झाला. तपासात हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या त्याच्या दोन्ही प्रतींत बिघाड निघाला. सुदैवाने तो बरा झाला. असा बिघाड फारच विरळा आहे, त्यामुळे घाबरू नका.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी प्रत्येक घरात असते. ती अफूच्याच कुळातली आहे, पण तिने गुंगी येत नाही, कारण पी-ग्लायकोप्रोटीन तिला मेंदूत टिकू देत नाही. आतड्यातलं काम मात्र ती करते. २००० साली निरोगी स्वयंसेवकांना लोपेरामाइडसोबत क्विनिडिन, म्हणजे या प्रथिनाला अडवणारं औषध, दिल्यावर त्यांच्या श्वसनावर अफूसारखा परिणाम दिसला. लोपेरामाइड ठरलेल्या प्रमाणातच घ्यावी, आणि लहान मुलांना घरच्या घरी कधीही देऊ नये. जास्त प्रमाणात तिने हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडतात.

उलटीच्या इंजेक्शनाकडे येतो, कारण ताईंचा सगळ्यात कळीचा मुद्दा तोच आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदावर मेटोक्लोप्रामाइड लिहिलंय. ते डोपामिनचा परिणाम अडवून उलटी थांबवतं, आणि ते मेंदूत सहज शिरतं. ज्याच्या मेंदूत डोपामिन आधीच तुटपुंजं, त्याचं उरलंसुरलंही अडलं तर अंग ताठ होणारच. डोम्पेरिडोनही डोपामिनच अडवतं, पण पी-ग्लायकोप्रोटीन त्याला मेंदूबाहेर ठेवतं. मग त्याने उलटी कशी थांबते? उलटीची सूचना देणारा मेंदूचा छोटा भाग या घट्ट भिंतीच्या बाहेर आहे. रक्तात विष आलं तर ते लगेच कळावं म्हणून तिथल्या केशवाहिन्या मोकळ्या ठेवलेल्या आहेत. म्हणून पार्किन्सनच्या रुग्णाला उलटीसाठी आम्ही डोम्पेरिडोन देतो, कमीत कमी डोसमध्ये आणि हृदयाचा आलेख बघून, कारण वयस्कर माणसांत त्याने ठोके बिघडू शकतात. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोलसारखी औषधं चालू असतील तर ते टाळतो. आणि चक्कर येते म्हणून सर्रास मिळणाऱ्या सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्याही मेंदूत शिरून हाच घोळ करतात. मामांच्या फाईलवर पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवा: मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन नको. गावाला गेलात, रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर ते पान उपयोगी पडेल.

सर्दीच्या जुन्या गोळीने झोप येते आणि फेक्सोफेनाडिनने जवळजवळ येत नाही, त्यामागेही हेच आहे. जुनी क्लोरफेनिरामिन मेंदूत जाऊन बसते, फेक्सोफेनाडिनला हे प्रथिन बाहेर काढतं.

ही भिंत सगळ्या आजारांत सारखी राहत नाही. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्गाने सूज आली की जोड सैल होतात आणि पेनिसिलिनसारखं एरवी बाहेर राहणारं औषध पुरेसं आत जातं. एरवी त्याला मेंदूच्या पाण्यातून बाहेर काढणारे वेगळे वाहक असतात. प्रोबेनेसिड त्यांना अडवतं, म्हणून मेंदूतल्या सिफिलिसमध्ये ते कधी पेनिसिलिनसोबत देतात. यातून नातेवाइकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. रुग्ण सुधारू लागला, सूज उतरली, की औषधाची वाट पुन्हा अरुंद होते. "आता बरं वाटतंय, सलाईन बंद करून गोळ्या द्या" ही विनंती आम्ही ऐकत नाही ती म्हणूनच. क्षयाच्या मेंदूज्वरातही असंच: आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूच्या पाण्यात रक्ताइतक्याच पातळीपर्यंत पोचतात, रिफाम्पिसिनचा मात्र छोटा वाटाच. चार गोळ्यांपैकी "जड पडणारी" एखादी परस्पर सोडली तर नेमकी आत पोचणारीच सुटू शकते.

मग हे बाहेर फेकणारं प्रथिनच बंद करून औषध आत का ढकलत नाही? प्रयत्न खूप झाले. माणसात ते नेहमीच्या डोसने पुरेसं अडवता येत नाही. २००५ मध्ये या प्रथिनाला अडवणारं सायक्लोस्पोरिन देऊन पेट (PET) स्कॅनने, म्हणजे औषध शरीरात कुठे किती पोचलं हे दाखवणाऱ्या तपासणीने, मोजलं, तर खुणेचं औषध मेंदूत दुपटीहूनही कमी वाढलं. उंदरांत हाच आकडा कितीतरी मोठा येतो. आणि पूर्ण बंद केलंच, तर दिवसभरात खाल्लेलं सगळं बरंवाईटही आत जाईल. त्यापेक्षा औषधाचाच रेणू असा घडवायचा की हे प्रथिन त्याला ओळखणार नाही, हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात क्रिझोटिनिब मेंदूतून बाहेर फेकलं जातं आणि गाठी मेंदूत वाढतात. लोरलाटिनिब हेच लक्षात ठेवून घडवलं गेलं आणि ते आत टिकतं. जपानने २०२१ मध्ये मान्यता दिलेलं हंटर सिंड्रोम या विरळा जन्मजात आजाराचं एक औषध तर लोह आत नेणाऱ्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरला धरूनच भिंत ओलांडतं.

वयानुसार हे फेकणारं काम थोडं मंदावतं असं पेट स्कॅनच्या अभ्यासांत दिसलंय. वयस्कर माणसांना तोच डोस जास्त गुंगी आणतो, त्यामागे यकृत-मूत्रपिंडासोबत याचाही वाटा असावा. मामांची नवी गोळी कोणतीही असो, लहान डोसने सुरू करायला सांगा.

राहिलं खाजकुहिलीचं चूर्ण. ते थोतांड नाही. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुहिलीच्या बियांतून लेवोडोपाच वेगळा काढला होता. म्हणजे चूर्णातला आणि गोळीतला रेणू एकच, त्याला आत नेणारा वाहकही तोच, आणि जेवणाशी होणारी अडचणही तीच. दुपारी गोळी अडते म्हणून चूर्ण द्यायचं ठरवलंत तर तेही तिथेच अडेल. आणि सकाळी वाट मोकळी असताना दोन्ही मिळून डोस नकळत वाढेल. गोळीतलं कार्बिडोपा चूर्णातल्या लेवोडोपालाही वाटेत वाचवतं, त्यामुळे ही वाढ वाटते त्याहून मोठी असते. चमचाभर चूर्णात लेवोडोपा किती, हे डब्यागणिक बदलतं. तेव्हा सध्या चूर्ण थांबवा. आठवडाभर एका वहीत तीन गोष्टी लिहा: गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि ताटात काय होतं, आणि मामांचं अंग किती वाजता सैल झालं, किती वाजता पुन्हा जड झालं. ती वही आणि चूर्णाचा डबा, दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. चूर्ण द्यायचंच असेल तर गोळीतून तेवढं वजा करून द्यावं लागेल, आणि ते त्यांनीच ठरवायचं.